आईसमोर रुंबा

मी रुंबा शिकायला गेले ती हाडांसाठी. पन्नाशी उलटल्यावर बाईला काहीतरी खूळ लागलं, असं कुणाला वाटेल, म्हणून आधीच सांगते. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, हाडं ठिसूळ व्हायला लागली आहेत, पायांवर वजन पडेल असा व्यायाम करा. जिममधल्या त्या पळत्या पट्ट्यावर चालणं मला जमत नाही. इतकं चालून माणूस कुठेच पोचत नाही, याचा राग येतो. इथे अमेरिकेत आमच्या बॉथेल गावच्या लायब्ररीमागे एक कम्युनिटी हॉल आहे, त्याच्या दारावर कागद लावलेला होता: नवशिक्यांसाठी रुंबा, दर मंगळवारी संध्याकाळी, पार्टनर नसला तरी चालेल.

शेवटचं वाक्य नवऱ्यानं माझ्याआधी वाचलं. ‘बघ यार, त्यांनीच लिहिलंय. मला यातून सोड,’ असं म्हणून तो पुस्तकं परत करायला आत निघून गेला. मी नाव नोंदवून टाकलं.

माझ्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती, आणि का नव्हती ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझी आजी, म्हणजे आईची आई, तमाशाच्या फडात नाचायची. हे आमच्याकडे गुपित कधीच नव्हतं. सातारा-सांगलीकडच्या आमच्या समाजात अशी कितीतरी घरं होती. जत्रांचा हंगाम आला की फड गावोगाव फिरायचा, आणि आजी त्याच्याबरोबर. मग धर्मांतर झालं. आमच्या माणसांनी दीक्षा घेतली आणि त्याबरोबर मान खाली घालायला लावणारी कामं एकेक करून टाकून दिली. मेलेली ढोरं ओढणं सुटलं, गावकीचा शिळा तुकडा सुटला, फडही सुटला. आजीनं पुन्हा कधी पायात घुंगरू बांधलं नाही. आई शिकली, मास्तरीण झाली, तालुक्याच्या शाळेत गणित शिकवलं आणि हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झाली. मी इथे एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. तीन पिढ्यांत एवढा पल्ला गाठला आम्ही, आणि तो कशाच्या जोरावर गाठला हे आईनं मला कधी विसरू दिलं नाही.

त्या सगळ्यातून आमच्या घरात एक रीत पडली. लग्नात बँड वाजायला लागला की आमच्या बायका खाली बसतात. बाकीच्या घरांत बँड वाजला की बायका उठतात, आमच्याकडे खुर्च्या ओढल्या जातात. जागा नसेल तर सतरंजीवर बसायचं, सतरंजी नसेल तर पायरीवर. बसून टाळ्या वाजवल्या तर चालतं. हे कुणी शिकवत नाही. लहान मुलगी आईचा पदर धरून बसते आणि मग जन्मभर बसत राहते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला कोळीनृत्यात घेतलं होतं. आईनं बाईंना चिठ्ठी पाठवली आणि मी त्याऐवजी वक्तृत्वात भाग घेतला. बक्षीसही मिळालं, पण माझं लक्ष सारखं त्या टोपल्या घेतलेल्या मुलींकडे होतं.

तर अशी मी, सत्तावन्नाव्या वर्षी, रुंबाच्या क्लासला. महिन्याभरानं टीचरनं एक छोटी पार्टी ठेवली. शिकलेलं सगळ्यांनी सगळ्यांबरोबर करून बघायचं, एवढंच. गाणं सुरू झालं आणि एक पांढऱ्या मिशांचे आजोबा माझ्यासमोर येऊन हात पुढे करून उभे राहिले. आणि मी काय केलं असेल? खाली बसले. मागे खुर्ची होती म्हणून बरं, नाहीतर फरशीवरच बसले असते. माझं मलाच कळलं नाही. आजोबा बिचारे घाबरले, त्यांना वाटलं मला घेरी आली. ते पाणी घेऊन आले, कुणीतरी माझ्या हातात बिस्कीट कोंबलं, एकीनं नाडी बघितली. सांगणार काय आणि कुणाला? मी मुकाट्यानं बिस्कीट खाल्लं आणि म्हटलं, आता बरं वाटतंय. मग उठले आणि त्यांच्याबरोबर नाचले. पुढे तेच आजोबा माझे पार्टनर झाले. आयुष्यभर फेरीबोटीवर नोकरी केलेला माणूस, पाय हलकेच टाकायचा.

रुंबाची पावलं तशी सोपी. फरशीवर एक चौकोन आहे असं समजायचं आणि त्याच्या कडेकडेनं फिरायचं. स्लो, क्विक, क्विक. एक पाऊल सावकाश, दोन भरभर. अवघड असते ती कंबर. आमची टीचर साठीची, काळी, उंच बाई. आजी-आजोबा क्युबातून आलेले, तिचा जन्म फ्लोरिडातला. ती पुन्हापुन्हा सांगायची, कंबर मुद्दाम हलवायची नाही. गुडघा वाकवा, मग सरळ करा, वजन पूर्ण त्या पायावर टाका, कंबर आपोआप जाईल. आणि खरंच जायची. पहिल्यांदा जमलं तेव्हा मला इतका आनंद झाला की घरी जाताना गाडीत मी एकटीच हसत होते.

मग आई आली. साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूममध्ये पाय घसरून पडली, मनगट मोडलं, आणि मी एकुलती एक मुलगी. जाऊन तिला घेऊन आले. ती ऐंशीला टेकलेली, डोकं मात्र लख्ख. इथे आल्यावर एकदा चक्कर येऊन पडता पडता वाचली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना घरात एकटं ठेवू नका. नेमकं त्याच सुमारास नवऱ्याच्या कंपनीनं सगळ्यांना परत ऑफिसला बोलावलं आणि मंगळवारी त्याला घरी यायला उशीर व्हायला लागला. म्हणजे मंगळवारी एकतर क्लास बंद करायचा, नाहीतर आईला बरोबर न्यायचं.

मी सरळ सांगून टाकलं. आई एका हातानं गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

‘आई, मंगळवारी मी नाचाच्या क्लासला जाते.’

‘कसला नाच?’

‘रुंबा म्हणतात. मूळचा क्युबाकडचा. जोडीनं करतात.’

‘जोडीनं म्हणजे पुरुषाबरोबर?’

‘हो.’

‘जावईबापूंना माहीत आहे?’

‘त्यांनीच स्वतःची सुटका करून घेतली, म्हणून दुसऱ्याबरोबर करावा लागतो.’

ती हसली नाही. दोन-चार शेंगा मोडल्या, मग म्हणाली, ‘इथल्या लोकांची ती हौस असेल. आपल्याकडे ती हौस नव्हती.’

मी तिला हाडांचं सांगितलं. कंबरेचंही सांगितलं, की मी मुद्दाम हलवत नाही, गुडघ्यामुळे ती आपोआप हलते. आई म्हणाली, ‘बघणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो?’

मला भयंकर राग आला. माझी साठी जवळ आली, मुलगा नोकरीला लागला, आणि मी अजून आईपुढे गॅदरिंगमधल्या मुलीसारखी उभी. ती चुकत नव्हती, त्याचा जास्त राग आला.

ती का चुकत नव्हती त्यालाही एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी आई अशीच इथे आली असताना आम्ही तिला इथल्या मराठी लोकांच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला नेलं होतं. चार मराठी चेहरे दिसतील, फराळ होईल, एवढाच हेतू. कार्यक्रमात बायकांनी लावणी ठेवलेली. नऊवारी, नथ, अंबाडा, सगळं साग्रसंगीत. नाचणाऱ्या सगळ्या इंजिनिअर, डॉक्टर, एक दातांची. चांगल्या नाचल्या, खोटं कशाला बोलू. खाली त्यांचे नवरे दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होते. एकानं फेटा उडवला. एकानं गंमत म्हणून डॉलरच्या नोटा स्टेजवर उधळल्या आणि ओरडला, ‘दौलतजादा!’ सगळा हॉल हसला. आई उठली आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली.

कार्यक्रम करणाऱ्यांपैकी एक बाई तिच्यामागे धावत आली. मनानं चांगली बाई आहे ती. म्हणाली, ‘काय झालं काकू? लावणी आवडली नाही का? तुमच्याकडे तर हे परंपरेनंच असेल ना?’

‘हो,’ आई म्हणाली, ‘म्हणूनच आवडली नाही.’

त्या बाईला कळलं नाही. मला कळलं, आणि घरी येईपर्यंत माझा तिळपापड होत होता. ज्यांच्या आज्यांना कधी नाचावं लागलं नाही, त्यांना लावणी ही मौज वाटते. नऊवारी घालून नाचायचं, उतरवून ठेवायची आणि सोमवारी ऑफिसला जायचं. त्यांना कुणी बोलत नाही आणि बोलूही नये. पण माझी आई जर त्या स्टेजवर गेली असती, तर त्याच लोकांनी म्हटलं असतं, रक्तातच आहे हो यांच्या. एकाच नाचाची ही दोन मोलं.

तर आई माझ्याबरोबर मंगळवारी यायला लागली. दुसरा इलाजच नव्हता. भिंतीकडच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसायची, आमच्याकडे जवळजवळ पाठ करून. क्लासमधले लोक तिला वाकून हॅलो करायचे, ती हेडमिस्ट्रेससारखी मान हलवायची. मी नाचत असायचे आणि माझं सगळं लक्ष त्या पाठीकडे. पान उलटलं की मला कळायचं. मी फार वाईट नाचायला लागले. टीचर म्हणाली, तुझे गुडघे कुणी बांधून ठेवलेत?

मला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. आईनं एकदा, फक्त एकदा, मला नाचताना बघावं आणि तिला लाज वाटू नये. आणि तिला काय राखायचं होतं तेही मला माहीत होतं. जे सोडायला तिच्या आईला सगळा जीव एकवटावा लागला, ते लेकीच्या लेकीनं हौसेनं पुन्हा पायात बांधू नये. दोघींचंही बरोबर होतं.

एका मंगळवारी पाऊस फार होता, थोडेच लोक आले. कुणीतरी विचारलं, हा नाच आला कुठून? टीचर म्हणाली, बसा, आज नाचायचं नाही, ऐकायचं. आम्ही खुर्च्या गोल केल्या आणि तो गोल आपोआप आईपर्यंत पोचला. मी आईच्या शेजारी बसून मराठीत सांगत गेले.

क्युबाच्या बंदरांवर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची लेकरं हमाली करायची, बायका धुणी धुवायच्या. एका अंगणाभोवती दाटीवाटीनं खोल्या, आणि कामावरून आल्यावर त्या अंगणात रुंबा व्हायचा. ढोल वाजवायला बंदी, म्हणून मासळीची आणि मेणबत्त्यांची रिकामी लाकडी खोकी वाजवायचे. एक पुरुष, एक बाई. पुरुष बाईला गाठायला बघतो, हातानं, रुमालानं, कशानंही. बाई नाचता नाचता घागऱ्यानं स्वतःला झाकते आणि त्याला हुलकावणी देते. सगळा खेळ त्या हुलकावणीचा. तिथले प्रतिष्ठित लोक नाकं मुरडायचे, पोलिस येऊन बंद पाडायचे. मग अमेरिकेतले हौशी प्रवासी हवानाला जायला लागले, त्यांना त्या तालाची चटक लागली, आणि वाद्यवृंद बोटीनं न्यूयॉर्कला आले. मोठमोठ्या हॉटेलांत रुंबा सुरू झाला. पण टीचर हसून म्हणाली, तो रुंबा नव्हताच. तो दुसराच, जरा संथ, सभ्य नाच होता. फक्त नाव रुंबाचं दिलं, कारण त्या नावात झणका होता. इथल्या नाच शिकवणाऱ्यांनी त्याला आपल्या वॉल्ट्झमधला चौकोन जोडला, म्हणजे पावलं शिकवायला सोपी. पुढे युरोपातल्या शिक्षकांनी तो घेतला, पाय ताठ केले, नियम बसवले, स्पर्धा भरवल्या, टिकल्यांचे कपडे आले. आज जगभर रुंबा म्हणून जो नाचतात, त्यात त्या अंगणातलं काय उरलं असेल ते शोधावं लागतं.

आई ऐकत होती. पुस्तक मिटलेलं होतं. मग मला म्हणाली, ‘तिला विचार, ज्यांचा हा नाच होता त्या बायकांचं काय झालं?’

मी विचारलं. टीचर उठली आणि खुर्ची आईच्या समोर ओढून बसली. म्हणाली, ‘माझी पणजी धुणी धुवायची. ती त्या अंगणातली. माझी आजी शिवण शिकली, इकडे आली, दुकान काढलं. तिच्या घरात रुंबाचं नाव काढायचं नाही. रेडिओवर लागला तर बंद करायची. म्हणायची, आपण तो अंगणात सोडून आलोय.’ मग म्हणाली, ‘मी हा नाच इथे एका स्टुडिओत शिकले. गोऱ्या बाईकडून. माझ्याच घरचा नाच मला परक्या बाईनं शिकवला, आणि तोही मूळचा नव्हे.’

मी हे सगळं आईला सांगितलं. मला वाटलं, आता आई विरघळणार, डोळे पुसणार, बाईचा हात हातात घेणार.

आई म्हणाली, ‘तिची आजी शहाणी होती.’

टीचर म्हणाली, काय म्हणाल्या? मी सांगितलं. ती खोखो हसली. ‘शहाणी होतीच,’ म्हणाली, ‘पण माझ्यावर तीन वर्षं रुसून बसली होती.’ आईनं हे ऐकलं, आणि या खेपेला तिच्याही ओठांच्या कडा हलल्या. पुढच्या मंगळवारपासून टीचर आईसाठी कॉफी आणायला लागली. आई पुस्तक उघडून बसतच होती, पण पाठ करून नाही. अर्धी आमच्याकडे वळून.

जूनमध्ये क्लासचा कार्यक्रम ठरला. शनिवारी दुपारी, त्याच हॉलमध्ये, घरची माणसं आणि आजूबाजूचे लोक बोलावून. प्रत्येक जोडीनं एकेक गाणं करायचं. मी आणि फेरीबोटवाले आजोबा. घरी सांगितलं तेव्हा आईनं एकच प्रश्न विचारला.

‘लोक शिट्ट्या मारतील?’

मी नाही म्हणून मोकळी होऊ शकले असते. पण इथे काहीही आवडलं तरी लोक शिट्टी मारतात, शाळेतल्या पोरानं गोल मारला तरी आणि केक कापला तरी. म्हटलं, ‘मारतील बहुतेक. इथे ती शाबासकी असते, आई. वाईट अर्थ नसतो.’

‘मारणारा कधीच म्हणत नाही की वाईट अर्थ आहे,’ आई म्हणाली, आणि विषय संपला.

त्या शनिवारी नवऱ्याचं ऑफिसचं काहीतरी निघालं, तो घरातच लॅपटॉपला चिकटलेला. मी म्हटलं, आई, तू थांब, ते आहेत घरी. मनात धुसफुस होती, पण म्हटलं, जबरदस्ती नको. मी काळा लांब बाह्यांचा ड्रेस घालून खाली आले, तर आई पांढरी साडी नेसून, स्वेटर घालून, काठी घेऊन दारात उभी.

‘मी बघणार नाही,’ ती म्हणाली. ‘पण एवढ्या लोकांत तू नाचणार, तर तिथे आपलं कुणीतरी असायला पाहिजे.’

हॉल भरला होता. आई मधल्या रांगेत कडेला बसली. आमची पाळी आली. आजोबांनी हात पुढे केला, मी धरला. गाणं सुरू झालं. स्लो, क्विक, क्विक. पहिल्या चौकोनात माझी पावलं अडखळत होती, दुसऱ्यात जरा जमली, आणि मग कुठेतरी मी विचार करायचं थांबले. गुडघा वाकला, सरळ झाला, वजन गेलं, कंबर गेली. मी स्वतःशी खोटं बोलणार नाही, मला फार छान वाटत होतं. लहानपणी त्या टोपलीवाल्या मुलींकडे बघताना जे हवं होतं, ते हेच असणार.

आजोबांनी मला हाताखालून फिरवलं. मी वळून परत त्यांच्यासमोर आले, आणि शिट्टी वाजली. दोन बोटं तोंडात घालून मारतात तशी, लांब, हॉल चिरत जाणारी.

पाऊल चुकलं. मी आईकडे बघितलं. ती उठत होती. एक हात काठीवर, दुसरा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. मला वाटलं, चालली बाहेर. मीही थांबणार होते, पण आजोबांनी माझा हात सोडला नाही. ‘स्लो,’ ते हळूच म्हणाले.

आई बाहेर गेली नाही. उभी राहिली, शिट्टी जिकडून आली तिकडे वळली आणि म्हणाली, ‘शी इज माय डॉटर.’

ओरडली नाही. शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत पोचायचा तो आवाज होता. गाण्याच्या वरून गेला. सगळी डोकी तिच्याकडे वळली.

शिट्टी मारणारी एक म्हातारी बाई होती. आईच्याच वयाची असेल, पांढरे कापलेले केस, अंगात फुलाफुलांचा शर्ट. तिला एवढंच समजलं की ही नाचणारीची आई आहे. तिनं दोन्ही हात वर केले, ‘अरे वा, किती अभिमान वाटत असेल तुम्हाला!’ असं काहीतरी इंग्रजीत म्हणाली आणि आईकडे बघून जोरजोरात टाळ्या वाजवायला लागली. तिच्या शेजारचे वाजवायला लागले, मग ती सगळी बाजू. नाचत होते मी, आणि लोक टाळ्या वाजवत होते आईसाठी.

आईचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. भांडायला उभं राहावं आणि समोरच्यानं गळ्यात हार घालावा, तशी गोंधळली होती. पण बसली नाही. गाणं संपेपर्यंत काठीवर रेलून उभी होती, आणि बघत होती. शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती.

परत येताना आम्ही दोघीच गाडीत. मला विचारायचं होतं, कशी नाचले गं?

मोठ्या सिग्नलला गाडी थांबली. आई समोर बघत म्हणाली, ‘ती म्हातारी टाळ्या का वाजवत होती माझ्यासाठी?’

‘तू म्हणालीस ना, ही माझी मुलगी आहे म्हणून.’

‘एवढं म्हटलं म्हणून?’

‘हो.’

ती मनगट चोळत बसली. मग म्हणाली, ‘चौथीत मी केंद्रात पहिली आले होते. मामाकडे राहून शिकत होते मी. बक्षीस द्यायला साहेब आलेले. आईचा फड शेजारच्या गावच्या जत्रेत होता, तिथून ती चालत आली. तोंड धुतलेलं, साधं लुगडं, पण डोळ्यांतलं काजळ निघालं नव्हतं सगळं. दाराशी उभी राहिली. पोरं कुजबुजायला लागली. हेडमास्तरांनी मला विचारलं, ती तुझी आई का गं?’

मी तिच्याकडे बघितलं नाही.

‘मी म्हटलं, नाही. माझी आई वारली.’

‘तिनं ऐकलं?’

‘ऐकलं की. एवढीशी तर खोली. ती काही बोलली नाही. दारातून मागं सरकली, माणसांच्या आड. मला अवघड होऊ नये म्हणून.’

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी गाडी पुढे काढली. रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून सावकाश चालवत होते.

‘पुढं इतकी वर्षं जगली,’ आई म्हणाली, ‘माझ्याच घरात राहिली, मला नोकरी लागलेली बघितली. तेवढं एक वाक्य तिला ऐकवायचं राहिलं. आज दुसऱ्या भाषेत म्हटलं म्हणून असेल, पण किती सोपं निघालं गं ते.’